तीस सप्टेंबरची पहाट
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात ३० सप्टेंबर रोजी केलेले भाषण)



आजच्या मेळाव्याची तारीख ठरविताना ती ३० सप्टेंबर आहे हे कार्यकारी मंडळाच्या ध्यानात होते किंवा कसे, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु चिटणीसांचा 'गुरुजी, आपणही चार शब्द बोला' असा निरोप आला, तेव्हा आम्हांस दुसरा विषय सुचेना. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि वधूवर-परिचय असे आजचे मंगल कार्यक्रम आहेत. त्यांच्या आधी मृतांची आठवण काढणे काहींना रुचणार नाही. तथापि ज्या भूकंपात आपल्या सुतार समाजाची घरेच्या घरे बसली, त्या दिवशी आपण एकत्र जमावे आणि त्याचा उच्चारही करू नये, हे आमच्या मनास पटत नाही.

सन १९९३ ची ही गोष्ट आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीचे विसर्जन रात्री उशिरापर्यंत चालले होते आणि माणसे दमूनभागून घरात निजली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूमी हादरली, आणि मिनिटभराच्या आत लातूर जिल्ह्यातील औसा तालुका व उस्मानाबादेतील, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, उमरगा तालुका यांमधली गावे मातीस मिळाली. किल्लारी, तळणी, मंगरूळ, लिंबाळा, सास्तूर, होळी ही नावे तोवर जिल्ह्याबाहेर कोणास माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती जगभर झाली. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सापडतो. आम्ही गणिताचे शिक्षक. परंतु या दोन आकड्यांमधल्या वजाबाकीत किती माणसे आहेत याचा विचार आला की आमची बुद्धी थांबते.

आम्ही त्या वेळी औशास बिऱ्हाड करून राहत होतो व तेथेच नोकरी करीत होतो. आमचे मूळगाव तेरणाकाठचे. त्याचे नाव मुद्दामच घेत नाही, कारण त्या पट्ट्यातील कोणत्याही गावाचे नाव तेथे घातले तरी कथा तीच राहील. औशासही घर हालले, भांडी पडली, आम्ही मुलांना घेऊन रस्त्यावर आलो. उजाडल्यावर दक्षिणेकडून आलेल्या एका मालमोटारीच्या चालकाने सांगितले की तिकडे गावे राहिली नाहीत. आम्ही थोडे वाहनाने व बरेचसे पायी असे निघालो. वेशीपाशी पोहोचलो तेव्हा आपण वाट चुकलो असे वाटले. गल्ल्या नव्हत्या, वाडे नव्हते, पांढऱ्या मातीचा व काळ्या दगडांचा एकच ढिगारा होता. केवळ मारुतीचा पार पाहून आम्ही गाव ओळखले.

सुतारवाड्यात आमचे वडील ढिगाऱ्यावर बसले होते. त्यांच्या खांद्याला मार लागला होता. आमची मातोश्री, धाकट्या बंधूंची पत्नी व त्यांची दोन लेकरे आत होती. बंधू रात्रपाळीला सोलापुरास होते, म्हणून वाचले. वाचले असे म्हणावयाचे. चौघांनाही दुपारनंतर काढण्यात आले. त्याविषयी याहून अधिक आम्ही कोठेही बोललेलो नाही व आजही बोलणार नाही.

मात्र वडिलांचे एक वाक्य आपणांस सांगावयाचे आहे. ते म्हणाले, "तुळई उभी हाय बघ. भिंतीनं माणसं खाल्ली." आम्हांस त्या क्षणी ते बोलणे भ्रमिष्टाचे वाटले. पुढे पाहिले तो खरोखरच माजघरातले खांब व त्यांवरची तुळई जागच्या जागी होती आणि वडील तिच्याखालीच निजलेले होते. मातोश्री नातवंडांना घेऊन भिंतीकडेला निजली होती.

आपल्यापैकी तरुणांनी ते जुने घर पाहिलेले नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आमच्या भागात माळवदाची घरे असत. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलचन, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गळती लागू नये म्हणून आणखी पांढरी माती टाकीत. आजोबांनी टाकली, बापाने टाकली, मुलाने टाकली. असा तो थर हात-दीड हात चढत गेला आणि निजलेल्या माणसाच्या छातीवर किती भार टांगला आहे याचा हिशेब कोणी केला नाही. भिंती दोन-तीन फूट जाड. त्या जाडीचा सर्वांना मोठा विश्वास वाटे. परंतु ती भिंत म्हणजे आतून एक व बाहेरून एक असे दोन दगडी पापुद्रे असत, मध्ये बारीक दगड व चिखल भरलेला असे. आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला. जमीन हालताच हे दोन पापुद्रे फाकले आणि गोटे ओसंडले. पुढे आलेल्या तज्ज्ञ मंडळींनी हेच सांगितले, व दुरुस्तीच्या कामात आरपार दगड आणि भिंतीभोवती सिमेंटचा पट्टा घालण्यास शिकविले. आमचे वडील चौथी शिकलेले होते. त्यांनी ते त्याच सकाळी ढिगाऱ्यावर बसून सांगितले होते. सर्वच ठिकाणी लाकूड टिकले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जेथे खांब कुजलेला किंवा सांधा ढिला होता, तेथे माळवद खाली आलेच.

गणपतीचे विसर्जन चुकले म्हणून कोप झाला, असेही त्या दिवसांत पुष्कळ बोलले गेले. ज्या गावांत विसर्जन यथासांग झाले तीही पडली, हे त्या बोलणाऱ्यांना दिसत नव्हते. वास्तविक १९९२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर किल्लारीच्या बाजूस लहान लहान धक्के बसत होते व लोक काही रात्री अंगणात निजलेही होते. पण दख्खनचे हे पठार अचल आहे, भूकंप कोयनेकडचा, १९६७ सालचा, आपल्याकडचा नव्हे, अशी विद्वानांपासून अडाण्यांपर्यंत सर्वांची समजूत होती. नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात रंगविलेला असे. २००२ साली तो नकाशा बदलला व आपला भाग तिसऱ्या पट्ट्यात आला.

दुसऱ्या प्रश्नाची आठवण आमच्याइतकीच येथे बसलेल्या काही वृद्ध मंडळींना असेल. प्रश्न सरणाचा होता. पाऊस लागला होता, प्रेते एकामागून एक निघत होती, आणि सरपण नव्हते. तेव्हा पडलेल्या घरांतलेच लाकूड काढले गेले. सागवानी तुळया, कोरीव चौकटी, देव्हारे. वडिलांनी एका हाताने करवत धरली, दुसरे टोक आम्ही धरले, आणि त्यांनी स्वतः घडविलेली, तासून रंधलेली तुळई आम्ही कापली. जी उभी राहून त्यांना वाचविती झाली, तीच. मातोश्री त्या लाकडावर गेली. वडील पुढे अकरा वर्षे जगले, परंतु त्यांनी पुन्हा करवत हातात घेतल्याचे आम्ही पाहिले नाही. वाकस, पटाशी, गिरमिट ही त्यांची हत्यारे आमच्याकडे आहेत.

मदत मात्र अपार आली. लष्कर आले, देशभरातून अन्नवस्त्र आले, परदेशांतूनही आले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्यास नेऊन शिकविली. हे काम आम्ही शिक्षक या नात्याने फार मोठे मानतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. सरळ रस्ते झाले, भूकंप सोसतील अशी घरे झाली. यात कृतज्ञता आहेच.

परंतु आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती अन्यत्र कोणी बोलत नाही. नव्या गावांत घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन व अल्पभूधारकास २५० चौरस फूट, त्याहून अधिक, ७ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास ४००, आणि त्यावरच्यास ७५०. शेतकऱ्यास हे न्याय्य वाटले असेल. पण सुतार, कुंभार, न्हावी, परीट अशा बलुतेदारांची मिळकत जमिनीत कधीच नव्हती; ती हातात आणि घरापुढच्या ओसरीत होती. आमच्या वडिलांच्या ओसरीत एका वेळी दोन तिफणी व एक गाडीचे चाक मांडून बसता येत असे. २५० चौरस फुटांत माणसे निजली की रंधा मारावयास जागा उरत नाही. त्यातून दारे-खिडक्या लोखंडी, छत काँक्रीटचे. नव्या गावाला सुताराचे कामच उरले नाही. बंधू सोलापुरासच राहिले. आमच्या सुतारवाड्यातील सात घरांपैकी पाच घरांची मुले आज पुण्या-मुंबईस फर्निचरच्या कारखान्यांत आहेत. ती सुखी आहेत, त्यांच्या प्रगतीचा आम्हांस आनंदच आहे. केवळ नोंद म्हणून सांगितले.

आता आमची विनंती. त्या भूकंपात आपल्या ज्ञातीतील किती व कोण गेले, याची यादी मंडळाच्या दप्तरात नाही. आम्ही गेली चार वर्षे आमच्या ओळखीच्या गावांतून विचारपूस करून १३७ नावे मिळविली आहेत. लेकरांची नावे मिळविणे सर्वांत कठीण जाते. पुष्कळांचे शाळेत नाव घातलेले नव्हते, आणि घरातली सांगणारी माणसेही गेली. कित्येक ठिकाणी आम्हांस 'सुनेची मुलगी, वय तीन' एवढेच लिहावे लागले आहे. ज्या कुटुंबांकडे काही माहिती असेल, त्यांनी गाव, नाव, वय आणि वाचलेल्या नातलगाचा पत्ता कागदावर लिहून आज जेवणाच्या पंगतीपूर्वी आमच्याजवळ द्यावा. वही आम्ही सोबत आणली आहे. मंडपाच्या डाव्या बाजूस, पाण्याच्या पिंपाशेजारी आम्ही बसलेले आहोत.