मधुमेह्याचा हात कोण तपासणार?

१९५० साली मुंबईत केईएममध्ये व्यवसायोपचाराची शाळा सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकरांना वंदन करतो. अधिवेशनाच्या अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा संकेत आहे. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीने वाचा. मला मिळालेला वेळ मी एकाच तक्रारीवर खर्च करणार आहे. मधुमेह्याचा हात आपण तपासत नाही.

मधुमेहात सगळे लक्ष पायाकडे गेले याचे दुःख नाही. त्यामुळे कितीतरी पाय वाचले. पण पायासाठी शिकवलेला नियम हातावर उलटला. सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, बधिरपणा तळव्यांपासून गुडघ्याकडे चढतो आणि त्यानंतर बोटांची पाळी येते, हे खरेच आहे. मात्र हा नियम एकाच प्रकारच्या बिघाडाचा. मनगटाच्या बोगद्यात मिडियन नर्व्ह दाबली जाणे, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम, मधुमेह्यांत इतरांपेक्षा अधिक आढळते, आणि पाय शाबूत असतानाही आढळते. कोपरापाशी अल्नर नर्व्ह अडकते, पंजाचे छोटे स्नायू सुकतात, चिमूट सैल पडते. त्यातच त्वचा आणि सांध्यांभोवतालचे आवरण जाड होऊन बोटे आखडतात. नमस्कार करताना तळव्यांत फट राहते. यांपैकी काहीही पायाची पाळी संपण्याची वाट बघत नाही.

तपासतो तेव्हाही चुकीचे तपासतो. डायनॅमोमीटरवर पकड किती किलो भरली एवढेच नोंदवतो. वस्तू निसटू नये म्हणून लागेल तेवढाच, किंचित जास्त जोर मेंदू वापरतो, तो बोटांच्या कातडीकडून क्षणोक्षणी येणाऱ्या खबरीच्या भरवशावर. खबर थांबली की माणूस एक तर गरजेपेक्षा घट्ट आवळतो, नाही तर हातातला कप सुटतो. म्हणून आकडा उत्तम असलेल्या माणसाला शर्टाचे बटण लागत नाही, आणि त्याच्या कागदावर ‘हात नॉर्मल’ असे लिहिलेले असते. पायाची संवेदना तपासण्याचा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट बोटाला लावणे तर निव्वळ देखावा. निरोगी बोटाच्या टोकाला ग्रॅमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी दाब कळतो. शिवाय उपचाराचा सगळा भार याच हातावर: इन्सुलिन पेनचे आकडे फिरवणे, ग्लुकोमीटरची पट्टी बसवणे, गोळी पाकिटातून काढणे. पायावर पाणी घेण्याआधी ते हाताने बघा, असा सल्ला आपण पायाच्या दवाखान्यातच देतो! तो हात बधिर नाही ना, हे कोणी विचारत नाही. मधुमेहानेच दृष्टी गेलेला माणूस ब्रेल शिकायला बसतो, तेव्हा त्याच्या बोटाला ठिपके कळतात का, हेही कोणी आधी पाहत नाही.

आक्षेप मला पाठ आहेत. पाय कापावा लागतो, हात नाही, असे म्हणतात. उष्ण प्रदेशांत क्षुल्लक जखमेतून मधुमेह्याचा हात सडल्याची, बोटे आणि कधी पंजाही गेल्याची वर्णने वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ती नसती, तरी ज्यांचे पोट हातावर आहे त्यांचे नुकसान मोजायला कापाकापी हेच माप कशाला? दुसरा आक्षेप, साखर आटोक्यात ठेवा, बाकी आपोआप होईल. साखरेचे महत्त्व कोण नाकारतो? १९९३च्या डीसीसीटी अभ्यासाने टाइप १ मध्ये ते सिद्ध केले. टाइप २ मध्ये नसांना होणारा लाभ मात्र बेताचाच दिसतो. आणि दाबलेली नस साखरेने सुटत नाही. तिला रात्रीचा स्प्लिंट लागतो, वेळ पडल्यास शस्त्रक्रिया, जिचा उपयोग मधुमेह्यांनाही होतो. अडकणाऱ्या बोटाला स्टिरॉइडचे इंजेक्शन आहे. काही दिवस साखर चढेल, तेवढी सांभाळायची. त्यामुळे ‘उपाय नाही’ हे उत्तर मला मान्य नाही.

राहिली ओपीडीतली गर्दी. देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा आयसीएमआर-इंडियाबचा २०२३चा अंदाज आहे, आणि त्याच पाहणीत गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. एवढ्या हातांना वेळ कुठला, असे विचारणाऱ्यांनी कुष्ठरोगाचा कार्यक्रम आठवावा. बॉलपेनच्या टोकाने संवेदना, आणि ‘करंगळी बाहेर, अंगठा वर, मनगट वर’ एवढ्यावर स्नायूंची ताकद, हे काम गावोगावचे कर्मचारी करत आले. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून जगाला रस्ता दाखवला. बधिर हाताची ही विद्या याच देशात वाढली, आणि मधुमेहाच्या ओपीडीत मात्र आपण हात बांधून बसलो. दोन्ही आजारांची जडणघडण वेगळी आहे, हे मलाही कळते. तपासणारा माणूस आणि त्याचे पेन तेच असू शकतात.

कार्यकारिणीने एक पानी मराठी तपासणीपत्रक करावे, असे मी सुचवतो. त्यात काय असावे यावर दुपारी वाद होईल, व्हावा. माझ्याकडून नमस्कार, बटण आणि डोळे मिटून नाणे ओळखणे, एवढे त्यात घालाच. पुढच्या अधिवेशनापर्यंत काही जिल्हा रुग्णालयांत ते चालवून पाहू. कोणती, ते सचिव ठरवतील.