इथिओपियाच्या आरोग्यसेविका

(आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



इथिओपिया हे नाव अनेकांच्या मनात १९८४-८५च्या भीषण दुष्काळाशी कायमचे जोडले गेले आहे. अस्थिपंजर झालेली मुले, धान्यासाठी लागलेल्या रांगा आणि पाश्चात्त्य गायकांनी त्या मुलांसाठी केलेले कार्यक्रम एवढेच त्या देशाचे चित्र जगासमोर आले. ते चित्र खोटे नव्हते, परंतु अपुरे होते. एखाद्या समाजाला केवळ त्याच्या दैन्याच्या क्षणी पाहायचे आणि तेच त्याचे मूळ स्वरूप मानायचे, हा अन्याय आपल्याही वाट्याला पुष्कळ आलेला आहे. १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या रणभूमीवर इटलीच्या फौजेला धूळ चारणारा हा देश आहे. १९३६ ते १९४१ हा इटालियन कब्जाचा कालखंड वगळला, तर तो कोणाची वसाहत झाला नाही. या स्वाभिमानी देशाने आपल्या खेड्यांतील आरोग्याचा प्रश्न कसा हाताळला, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात त्याला जे साधले ते जितके बोलके आहे, तितकेच जे साधले नाही तेही बोलके आहे.

प्रथम स्थिती पाहू. २००० साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार इथिओपियात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १६६ बालके पाचव्या वाढदिवसापूर्वी मरण पावत होती. शंभरांतील जेमतेम सहा बाळंतपणे प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून होत. मुले कशाने दगावत होती? न्यूमोनिया, अतिसार, हिवताप, गोवर आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील आजार. यांतील बहुतेकांवर उपाय ठाऊक होते आणि ते महागही नव्हते. पण रुग्णालये शहरांत आणि माणसे खेड्यांत. उंच पठार, मध्ये खोल दऱ्या आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात बंद पडणारे रस्ते. आजारी मूल पाठीशी बांधून निघालेली माता दवाखान्यात पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असे.

यापूर्वी प्रयत्न झाले नव्हते असे नाही. १९७४ ते १९९१ या काळात तेथे ‘डर्ग’ नावाने ओळखली जाणारी साम्यवादी लष्करी राजवट होती. तिनेही गावोगावी आरोग्य-कार्यकर्ते नेमले. त्यांना काही महिन्यांचे शिक्षण दिले. वेतन मात्र दिले नाही. गावाने त्यांचा सांभाळ करावा अशी अपेक्षा होती. उपाशी गावाने कोणाचा सांभाळ करायचा? राजवट कोसळण्यापूर्वीच ती योजना विरून गेली होती.

२००३ साली नव्या योजनेस प्रारंभ झाला. तिचा सांगाडा अगदी साधा आहे. ‘केबेले’ हा तेथील सर्वांत लहान प्रशासकीय घटक, सुमारे पाच हजार लोकवस्तीचा. प्रत्येक केबेलेत एक छोटे आरोग्यघर आणि तेथे दोन तरुणी. त्या शक्यतो त्याच केबेलेतील, तेथील भाषा बोलणाऱ्या आणि दहावीपर्यंत शिकलेल्या असाव्यात. त्यांना वर्षभराचे प्रशिक्षण द्यायचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांना शासकीय कर्मचारी म्हणून दरमहा वेतन द्यायचे. स्वच्छता, माता-बाल आरोग्य, रोगप्रतिबंध आणि आरोग्यशिक्षण या चार विभागांत मिळून १६ विषय त्यांच्याकडे सोपवण्यात आले. दशकाच्या अखेरीस अशा ३० हजारांहून अधिक तरुणी कामाला लागल्या होत्या. अफार आणि सोमाली या भटक्या पशुपालकांच्या प्रदेशांत शिकलेल्या मुली मिळेनात, तेव्हा नियम सैल करून पुरुषांनाही घेतले. मात्र तेथे ही योजना आजवर पठारी भागाइतकी रुजलेली नाही.

स्त्रियाच का, असा प्रश्न विचारला जाई. त्याचे उत्तर इथिओपियाच्या घरात गेल्यावरच मिळते. तेथील अनेक भागांत नवजात बालकाला आईच्या दुधाआधी ताजे लोणी चाटवण्याची रीत आहे. नाळेवरही लोणी लावले जाते. हेतू प्रेमाचाच, पण त्यातून जंतू शिरतात. आपल्याकडे बाळाला मध चाटवतात, तसेच हे. आता ही रीत सोडा, असे कोणी सांगायचे? राजधानीतून आलेल्या पुरुष डॉक्टरने सांगितले, तर घरातील आजी मान डोलावेल आणि तो गेल्यावर लोण्याचे भांडे पुन्हा बाहेर काढेल. पण जिच्या आईला ती आजी ओळखते, जिला लहानपणी अंगणात खेळताना पाहिले आहे, ती मुलगी आठवड्याभराने पुन्हा येणार असते. तिचे ऐकावे लागते. निदान तिच्याशी भांडावे तरी लागते. आणि वाद घालणारी आजी ही मान डोलावणाऱ्या आजीपेक्षा केव्हाही बरी!

इथिओपियात कॉफी हे केवळ पेय नव्हे, तो एक संस्कार आहे. घरातील स्त्री हिरव्या बिया निखाऱ्यावर भाजते, कुटते, मातीच्या सुरईसारख्या भांड्यात उकळते आणि शेजारणींना तीन फेऱ्यांत वाढते. तास-दोन तास त्यात सहज जातात. आरोग्यसेविकेला सभा भरवण्याची गरजच नसते. सभा आधीच भरलेली असते. जंताचे औषध, लसीची तारीख, गरोदर सुनेचे पाय सुजले आहेत ही कुजबूज, सारे तेथे निघते. समाजाने स्वतः उभ्या केलेल्या रचनेतूनच नवा विचार आत जावा, ही कार्यपद्धती आपल्या कार्यकर्त्यांना अपरिचित नाही. वनवासी कल्याण आश्रमाचे आरोग्यरक्षक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती लगेच ओळखू येईल.

या योजनेतील आणखी एक भाग म्हणजे आदर्श कुटुंब. सेविकेने गावातील काही कुटुंबे निवडायची, त्यांना ९६ तासांचे शिक्षण टप्प्याटप्प्याने द्यायचे. घरामागे खड्ड्याचे शौचालय, जनावरांपासून वेगळी झोपण्याची जागा, मच्छरदाणी, मुलांचे पूर्ण लसीकरण एवढे झाले की त्या कुटुंबाला प्रमाणपत्र. मग शेजारची कुटुंबे त्यांच्याकडे पाहून शिकतात. १९९० मध्ये इथिओपियात शंभरांपैकी ९२ माणसे उघड्यावर शौचास जात. २०१५ मध्ये हे प्रमाण २९ वर आले. त्या काळात एवढी घट अन्य कोणत्याही देशात झाली नाही. त्यांतील कित्येक शौचालये कच्ची होती, पहिल्या मोठ्या पावसात खचली आणि पुन्हा खणावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

योजनेला खरी कसोटी लागली ती न्यूमोनियाच्या प्रश्नावर. आरंभीची काही वर्षे सेविकांना अतिसारावर जलसंजीवनी आणि हिवतापावर औषध देण्याची मुभा होती. न्यूमोनियावर प्रतिजैविक देण्याची नव्हती. दहावी शिकलेल्या मुलीच्या हाती असे औषध कसे द्यायचे, ही तज्ज्ञांची शंका. शंका अगदीच निराधार नव्हती. औषधाचा गैरवापर घातक असतो. पण त्याची दुसरी बाजू अशी, की धाप लागलेले मूल समोर आहे, श्वासांची गती मोजता येते, छाती आत ओढली जाते आहे हे दिसते, आणि सेविकेने त्या मातेला केवळ चिठ्ठी देऊन दूरच्या केंद्राकडे पाठवायचे.

या जागतिक वादात महाराष्ट्राचा एक जिल्हा फार महत्त्वाचा ठरला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’च्या माध्यमातून गावातील अल्पशिक्षित कार्यकर्ते व सुईणी यांना न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर उपचार करायला शिकवले. बालमृत्यू घटल्याचा त्यांचा शोधनिबंध १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १९९९ च्या दुसऱ्या निबंधात घरोघर नवजात बालकाची काळजी घेतल्याने त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी दाखवले. खेड्यातील बाईवर विश्वास टाकता येतो, हे सिद्ध करणारे जे पुरावे जगापुढे आले, त्यांत हे अग्रभागी होते. इथिओपियाने २०१० पासून आपल्या सेविकांना न्यूमोनियावर उपचाराची अनुमती दिली आणि २०१३ पासून, रुग्णालयात नेणे शक्य नसेल तेथे, नवजात बालकाच्या जंतुसंसर्गावरील उपचारही त्यांच्याकडे सोपवले.

परिणाम काय झाला? दर हजारी १६६ असलेले बालमृत्यूचे प्रमाण २०१६ च्या पाहणीत ६७ वर आले. हे सारे श्रेय सेविकांचे नव्हे. त्याच काळात रस्ते झाले, मुली शाळेत जाऊ लागल्या, नव्या लसी आल्या. परंतु लस आणि मच्छरदाणी स्वतःच्या पायांनी घरापर्यंत चालत जात नाही, हेही तितकेच खरे. जेथे सेविकेचे हात पोहोचत नव्हते, तेथे प्रगतीही मंदावली. त्याच २०१६ मध्ये शंभरांतील केवळ २८ बाळंतपणे प्रशिक्षित हातांनी होत होती. अडलेल्या बाळंतिणीला शल्यगृह लागते. त्याची उणीव कितीही गृहभेटींनी भरून निघत नाही.

आता त्या विषयाकडे वळले पाहिजे, ज्यावर सेवाकार्यात असणाऱ्यांनी काहीसे अस्वस्थ होऊन विचार करावा. वेतनाचा विषय. डर्गच्या काळातील विनावेतन योजना विझली आणि २००३ ची सवेतन योजना टिकली, हा धडा समोर असतानाही २०११ च्या सुमारास इथिओपियाच्या शासनाने ‘महिला विकास सेना’ उभी केली. सुमारे ३० घरांमागे एक स्त्री, सेविकेची मदतनीस म्हणून. तिला मानधन नाही. गौरव मात्र भरपूर. पुढे अभ्यासकांनी या स्त्रियांशी बोलून पाहिले तेव्हा दिसले, की त्यांतील अनेकजणी गावातील गरिबांपैकीच होत्या. सरपण, पाणी, शेत आणि लेकरे सांभाळून वर ही जबाबदारी आणि मनावर ताण.

आपल्या परंपरेत सेवा हा शब्द फार पवित्र आहे. स्वतःचा चरितार्थ चालवून उरलेला वेळ समाजाला देणारा कार्यकर्ता मोबदला घेत नाही, हे त्याचे भूषण होय. परंतु जिचा सारा दिवसच आपण मागतो, जिच्याकडून नोंदवह्या, लक्ष्ये आणि अहवाल मागतो, तिला निष्काम कर्माचे धडे देणे ही सेवाभावाची विटंबना आहे. निष्कामता ही स्वतःकडून मागायची असते, दुसऱ्याकडून नव्हे. दरमहा वेतन मिळाल्याने इथिओपियाच्या सेविकेची सेवा कमी प्रतीची ठरली नाही. उलट घरात तिच्या शब्दाला वजन आले. तिच्या वेतनवाढीचा आणि बढतीचा प्रश्न मात्र तेथेही सुटलेला नाही. मे २०२५ मध्ये इथिओपियातील आरोग्य कर्मचारी वेतनासाठी संपावर गेले होते.

हा विषय दूरचा वाटू नये. आपल्याकडे २००५ पासून ‘आशा’ कार्यकर्त्या गावोगावी काम करीत आहेत. त्यांची संख्या सुमारे दहा लाख. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक सन्मान केला. तो जाहीर करणारे महासंचालक टेड्रॉस अधानोम हे २००५ ते २०१२ या काळात इथिओपियाचे आरोग्यमंत्री होते. सेविकांची योजना देशभर पसरली ती त्यांच्याच कार्यकाळात. त्यांचा एक भाऊ बालपणीच, बहुधा गोवराने, दगावला होता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. कोरोनाकाळातील त्यांच्या भूमिकेवर टीका झाली आणि ती होण्यासारखी होतीही. पण खेड्यातील बाईचे मोल त्यांना ठाऊक होते. त्या सन्मानानंतर वर्ष-दीड वर्षातच महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले. सन्मानपत्राने चूल पेटत नाही.

वेतनाशीच जोडलेला दुसरा प्रश्न आहे तो पैसा कोठून येतो याचा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत अचानक गोठवली. त्या पैशांवर इथिओपियात एचआयव्ही व अन्य कामांसाठी नेमलेल्या सुमारे पाच हजार आरोग्य कर्मचाऱ्यांचे करार महिन्याभरात संपुष्टात आले. केबेलेतील सेविका मात्र आपल्या जागी राहिल्या, कारण त्यांचे वेतन देशाच्या स्वतःच्या तिजोरीतून निघते. औषधे, लसी आणि प्रशिक्षण यांसाठी त्याही परकीय साहाय्यावर अवलंबून आहेत, त्यामुळे कपाटे रिकामी पडण्याची भीती आहेच. पण गावात माणूस उरला. दात्याने हात आखडता घेतल्यावर काय उरते, यावर कोणत्याही सेवाकार्याचा पाया तपासून पाहता येतो.

तिग्राईत याहून मोठा आघात झाला. ही योजना जेथे सर्वांत चांगली रुजली होती, त्या प्रदेशांपैकी हा एक. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ या दोन वर्षांच्या यादवी युद्धात तेथील दवाखाने आणि आरोग्यघरे लुटली गेली, मोडली गेली. कर्मचाऱ्यांना महिनोन् महिने वेतन मिळाले नाही. वीस वर्षांत जे उभे राहिले, ते दोन वर्षांत कोलमडले. त्याची उभारणी पुन्हा करावी लागत आहे.

शासनाने २०२० ते २०३५ या काळासाठी योजनेचा नवा आराखडा आखला आहे. काही आरोग्यघरे मोठी करायची, तेथे परिचारिका आणि प्रसूतितज्ज्ञ सेविका नेमायच्या, अधिक उपचार तेथेच द्यायचे. लोकांचीही तीच मागणी आहे. केवळ उपदेश करणारी ताई आता त्यांना पुरत नाही. मात्र उपचाराचा व्याप वाढला की सेविका खुर्चीला बांधली जाते आणि घरोघरच्या भेटी मागे पडतात. आरंभी तिने कामाचा तीन-चतुर्थांश वेळ घरोघर फिरण्यात घालवावा अशी अपेक्षा होती. केबेलेतील दोघींपैकी एकीने दवाखाना सांभाळावा आणि दुसरीने आळीपाळीने वाडीवस्तीवर जावे, असा तोडगा काही ठिकाणी काढला जात आहे. पावसाळ्यात ओढे भरले की तोही मोडतो.