लाकडाची उशी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काल बदलापूरच्या गाडीत एका गृहस्थांनी मला गाठले. म्हणाले, "लाकडाच्या उशीवर तुम्ही बोलणार तरी काय? ऐकता ऐकता श्रोत्यांना घरची मऊ उशी आठवली म्हणजे?" मी म्हटले, "कोणी पेंगलेच, तर विषय त्यांच्या अंगी मुरला असे मी समजेन."

खरे म्हणजे हा विषय मी होऊन निवडलेला नाही. माझे एक स्नेही आहेत, अंबरनाथलाच राहतात. जुन्या वस्तू जमविण्याचा त्यांना नाद. समया, अडकित्ते, नाणी यांत त्यांचे अर्धे निवृत्तिवेतन जाते आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांच्या सौभाग्यवती संसार करतात. एके दिवशी ते मोबाइलवर एक छायाचित्र घेऊन आले. परदेशातल्या लिलावात निघालेली वस्तू होती ती. खाली बैठक, बैठकीवर एक आखूड खांब, आणि खांबावर चंद्रकोरीसारखी खोलगट फळी. खाली लिहिले होते : प्राचीन ईजिप्तची लाकडी उशी, वय साडेतीन हजार वर्षे. "घेऊ का?" त्यांनी विचारले. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जे वाचले आणि जे आठवले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

उशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कापूस येतो. पण भीष्मपर्व आठवा. शरपंजरी पडलेल्या पितामहांचे मस्तक खाली लोंबू लागले, तेव्हा राजेलोक मऊ मऊ उशा घेऊन धावले. पितामहांनी त्या परत पाठविल्या आणि अर्जुनाकडे पाहिले. अर्जुनाने तीन बाण मारून मस्तकाला टेकू दिला, तेव्हा कुठे म्हातारा संतोषला. ईजिप्तच्या सुताराला ही कथा सांगितली असती, तर तो म्हणाला असता, "मग आम्ही दुसरे काय करतो?"

कुशीवर निजणाऱ्या माणसाच्या खांद्यामुळे डोके आणि बिछाना यांत जे अंतर पडते, ते ही उशी भरून काढी. उंची साधारण वीतभर. मानेखालून वारा खेळे. त्या उष्ण देशात ते मोठेच सुख. टोचू नये म्हणून वर कापड गुंडाळीत. लाकूड बहुधा तिथलेच, बाभळीच्या जातीचे नाहीतर उंबराच्या. श्रीमंतांसाठी हस्तिदंताच्या आणि दगडाच्याही उशा घडत. काहींवर बेस नावाच्या बुटक्या, जीभ काढलेल्या देवाचे तोंड कोरीत. झोपेत माणूस असहाय असतो, म्हणून राखण करायला हा भेसूर देव. आपल्याकडे बाळाच्या उशाखाली सुरी किंवा विळा ठेवीत, त्यातलाच हा प्रकार.

पण ईजिप्तच्या माणसाला एका रात्रीच्या झोपेपेक्षा मोठ्या झोपेची काळजी अधिक. मृताबरोबर उशी पुरीत. त्यांच्या मृतांच्या ग्रंथात उशीसाठी स्वतंत्र मंत्र आहे, १६६वा. मृताचे मस्तक पुन्हा उचलले जावे, ते त्याच्यापासून कोणी हिरावून नेऊ नये, असा त्याचा आशय. वस्तू केवढी साधी आणि तिच्यावर भार केवढा! तुतनखामेनची कबर १९२२ साली सापडली. तिच्यातल्या एका हस्तिदंती उशीत शू हा वायुदेव गुडघा टेकून फळी दोन्ही हातांनी तोलून धरतो आणि दोन बाजूंना दोन सिंह बसले आहेत. १९२५ साली राजाची ममी उलगडली, तेव्हा सोन्याच्या मुखवट्याआड डोक्यापाशी आणखी एक चिमुकली उशी निघाली, लोखंडाची. त्या काळी तिकडे लोखंड फार दुर्मिळ होते.

उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला येथे एक शंका यायला हवी. साडेतीन हजार वर्षे लाकूड टिकतेच कसे? आपल्याकडे चार पावसाळे उघड्यावर राहिलेल्या फळीचे काय होते, ते आपण जाणतो. पावसातून वाचली तर वाळवी आहे, वाळवीतून वाचली तर भुंगा आहे. ईजिप्तच्या वाळवंटात पाऊस जवळजवळ नाही, म्हणून तिथले लाकूड कोरडे राहिले. आपल्याकडे ते टिकले बहुधा डोंगराने छत्र धरले तिथे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहा. छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. बाकी आपल्या सुतारांची हजारो वर्षांची कारागिरी मातीत गेली.

लाकूड टिकते, आणि तिथेच लबाडीला वाव मिळतो. जुने लाकूड मिळवून त्यातून नवी उशी कोरता येते. किरणोत्सारी कर्बाच्या परीक्षेने लाकूड कधीचे ते कळते, पण त्याला सुताराचे हत्यार कधी लागले ते कळत नाही. शिवाय अशा उशा आफ्रिकेतल्या अनेक जमाती अगदी अलीकडेपर्यंत वापरीत आल्या आहेत, सोमाली आहेत, तुर्काना आहेत. त्यांची शंभर वर्षांची सुंदर उशी धुरकट करून प्राचीन ईजिप्तच्या नावावर खपविणे फारसे कठीण नाही. तिचा अपमान होतो तो वेगळाच.

बरे, वस्तू अस्सल आहे असे धरू. मग पुढचा प्रश्न : ती निघाली कुठून? ईजिप्तमध्ये एके काळी पुराणवस्तूंचा व्यापार उघड चाले. कैरोच्या संग्रहालयाचेच विक्रीचे दालन होते, ते १९७९ साली बंद झाले. १९८३च्या कायद्याने व्यापारच बंद झाला. म्हणजे त्यापूर्वी रीतसर बाहेर पडलेल्या उशाही जगात आहेत. पण त्यांचे कागद असतात. ज्या वस्तूला कागद नाही, ती कोणाच्या तरी कबरीतून रात्री काढलेली असू शकते. आपल्याकडेही १९७२चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांवरील वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. आपल्या मूर्ती चोरून नेल्या म्हणजे आपण हळहळतो आणि ते योग्यच आहे. मग ईजिप्तच्या माणसाची हळहळ निराळी कशी?

खा नावाच्या एका अधिकाऱ्याची आणि मेरित या त्याच्या पत्नीची कबर १९०६ साली न फुटलेली सापडली. थडगी बांधणाऱ्या कारागिरांवरचा हा मुकादम. तिचे सामान आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे : पलंग, कपडे, भाकऱ्या, आणि लाकडी उशाही. त्या उशांवर कोण निजले हे आपण सांगू शकतो. लिलावातली उशी त्यांच्याहून देखणी असेल, पण ती मुकी आहे.

इतक्या लांब कशाला जायचे? आपल्या शिवालयाचे पाहा. शके ९८२ची नोंद असलेला शिलालेख त्या देवळातच आहे, म्हणून हे देऊळ १०६० सालचे आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचे असे आपण ठामपणे म्हणतो. तोच दगड कोणी उपटून परदेशातल्या दिवाणखान्यात लावला असता, तर दगडाला शोभेची किंमत आली असती आणि देवळाची जन्मतिथी गेली असती.

पुण्याचे दिनकर केळकर, कवितेत 'अज्ञातवासी', यांनी गावोगाव हिंडून समया, फण्या, दरवाजे जमविले. त्यांचा नाद माझ्या स्नेह्यांसारखाच. पण ज्या गोष्टी आपण अडगळ म्हणून फेकत होतो त्या त्यांनी आपल्याच माणसांसाठी राखल्या. उल्हासनगरच्या सिंधी घरांतून जुना लाकडी झोपाळा, पींघो, कुठे उरला असेल तर त्याची हकीकत सांगणारी आजी आहे तोवर विचारून घ्यायला हवी. फर्निचर बाजारात उद्या नुसती लाकडाची प्रत पाहिली जाईल.

हे बोलण्याचा मला अधिकार आहे का? बदलापूरजवळचे आमचे जुने घर पाडले, तेव्हा आजीची काथवट मी स्वतः भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविली. चार पिढ्यांच्या भाकऱ्या तिच्यात मळलेल्या. पुढे मुंबईतल्या एका श्रीमंती दुकानात, काचेआड, तशीच काथवट फळे भरून ठेवलेली दिसली. पाटीवर 'कोकणातील पुरातन पात्र' एवढेच. आमचीच का, ते मला सांगता येईना. लाकूड कोणते, कोणत्या सुताराने कोरली, काहीच मी कधी विचारले नव्हते.

माझ्या स्नेह्यांनी लिलाववाल्यांना पत्र पाठविले : ही उशी कोणत्या साली, कोणाच्या हातून ईजिप्तबाहेर आली? उत्तर आले, 'एका जुन्या युरोपीय संग्रहातून.' संग्रहाचे नाव नाही, साल नाही. त्यांनी ती घेतली नाही. महिनाभर मात्र माझ्याशी ते नीट बोलत नव्हते.

परवा आत्याबाईंना मी काथवटीविषयी विचारले. डाव्या कानाला भेग होती आणि ती तांब्याच्या पट्टीने सांधलेली होती, एवढे त्यांना आठवते. दुकानातल्या काथवटीची डावी बाजू भिंतीकडे होती.