परतीची वाट

घरात माणसे नांदत असताना आढे आणि वासे बदलणे हे नाजूक काम. संगणकाच्या जगात ते नित्याचे झाले आहे. रुग्णालयाची नोंदणी किंवा बँकेचा हिशेब अहोरात्र सांभाळणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. त्यावरील आज्ञावली जुनी झाली की बदलावी लागते, आणि सेवा तर फार वेळ थांबविता येत नाही.

बदल लांबणीवर टाकण्याची किंमत जगाने २०१७ साली पाहिली. विंडोजमधील एका वैगुण्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. अनेकांनी तो योजला नाही. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ ही उपद्रवी आज्ञावली त्याच वाटेने पसरली, आणि इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या.

तरीही माणसे कचरतात. नवी आज्ञावली चालली नाही तर काय, ही त्यांची भीती. आभासी यंत्राने ती पुष्कळ कमी केली. एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक उभे करावयाचे, ही किमया आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६० नंतरच्या दशकात साधली. असे यंत्र म्हणजे अखेर काही फायलीच. म्हणून त्याची एका क्षणाची स्थिती गोठवून ठेवता येते. हाच स्नॅपशॉट. त्यानंतरचे लेखन मूळ फाइलीला न लागता निराळ्या फाइलीत होते. काम बिघडले तर ती निराळी फाइल टाकून द्यावी. यंत्र पूर्ववत होते.

पण ही सोय भ्रमही निर्माण करते. स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तो मूळ फाइलीच्याच आधारावर उभा असतो. मूळ गेले की तोही गेला. म्हणून खरी प्रत अन्यत्र हवी.

दुसरा भ्रम अधिक घातक आहे. बदल पहाटे झाला, सकाळी सेवा सुरू झाली, आणि दुपारी दोष उघड झाला असे समजा. आता मागे फिरावे, तर दोषाबरोबर सकाळपासूनच्या सर्व नोंदीही पुसल्या जातात. कुणाचे औषध, कुणाचा भरणा यंत्राच्या स्मृतीतून नाहीसा होतो. नोंदी तेवढ्या उचलून जुन्या आज्ञावलीत ठेवाव्यात, तर तेही सोपे नाही. पोस्टग्रेससारख्या माहितीकोशाची मुख्य आवृत्ती बदलली की नवीने लिहिलेल्या फायली जुनीला वाचता येत नाहीत.

तेव्हा जाणता व्यवस्थापक यंत्राची दुसरी प्रत करून तिच्यावर रंगीत तालीम करतो. मग सेवा थांबवितो, स्नॅपशॉट घेतो, बदल करतो, आणि दार उघडण्यापूर्वीच सारे तपासून पाहतो. परतीची वाट मोकळी असते ती पहिला ग्राहक आत येईपर्यंतच. त्यानंतर मागे फिरणे म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी काम पुसणे होय.