संशोधनाची पगारपावती



आरोग्य-संशोधकांच्या शिक्षणाविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण गेटसभांत आणि रात्रीच्या वाचनात झाले. पण तिथे एक सवय लागली. करारावर सह्या झाल्या म्हणजे वाढ मिळाली असे आम्ही धरत नाही. पहिल्या पगाराची पावती हातात घेऊन पाहतो. संशोधकांनाही ही सवय लावावी, एवढेच आमचे म्हणणे.

गोरेगावकरांच्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. १९८६ सालच्या डॉ. संजीव कुलकर्णी यांच्या पाहणीत मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी बेचाळीस जण गर्भजलाच्या तपासणीने मुलगा की मुलगी हे सांगत असल्याचे आढळले. पाहणी लहानच, पण ‘पन्नासांत बेचाळीस’ हे कोणालाही समजते. स्त्री-संघटनांनी चळवळ उभी केली, आपल्या मृणालताई गोरे यांनी विधानसभेत प्रश्न लावून धरला, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला. १९९४ साली संसदेनेही केला.

अहवाल लिहिणारा इथे ‘परिणाम : कायदा’ असे लिहून मोकळा होईल. पगारपावती मात्र जनगणनेत आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३, २०११ साली ८९४.

मग ती पाहणी वाया गेली काय? असे म्हणणेही उतावळेपणाचे. कायदा नसता तर आकडा कुठवर घसरला असता? सोनोग्राफीची यंत्रे गावोगाव पोचली, कुटुंबे लहान झाली, अंमलबजावणी ढिली राहिली. यांत कोणाचा वाटा किती? हे निवडून दाखवणे अवघड आहे, आणि शिकवायचे ते हेच. नमुना कसा निवडावा हे विद्यार्थी शिकतो. निष्कर्ष छापल्यावर तो कोणाच्या हाती गेला, कोणाच्या घरात काय बदलले, याची वही ठेवायलाही त्याने शिकले पाहिजे. अंमलबजावणीवर नजर ठेवणारे लोक होते, म्हणूनच ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले.

आमची एक सूचना आहे. पदवीआधी प्रत्येक संशोधकाने आपला निष्कर्ष अशा सभेत, मराठीतून, अर्ध्या तासात सांगावा. आणि पाच वर्षांनी इथेच परत येऊन पुढे काय झाले तेही सांगावे. गोरेगावच्या बायका प्रश्न कसे विचारतात, हे लाटणे मोर्चा पाहिलेल्या मंत्र्यांना चांगले ठाऊक होते.