कापडी पिशवीचा जमाखर्च

2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवी पुण्यवान ठरली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांचा जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा जमाखर्च मांडला. हवामानापुरती प्लास्टिकची बरोबरी करायला साधी सुती पिशवी 52 वेळा वापरावी लागते. सारे दोष धरले, तर 7,100 वेळा! हिशेब आम्हांस मान्य आहे. पिशवी फाटेस्तोवर वापरा. पण त्या वहीत पाणी आहे, बाहेर सुटणारे विष आहे. गिरणीच्या कार्डिंग खात्यातला श्वास नाही. कापसाच्या धुळीने तिथे छाती आवळते, सुटीनंतर कामावर येताच अधिक. डॉक्टर या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. माणसांचा रकाना कसा भरावा, याची मार्गदर्शिका संयुक्त राष्ट्रांनी 2009 साली काढली. तो मालकाने एकट्याने भरू नये. खात्यात धूळ किती उडते, हे कामगारांना विचारून लिहा.