छातीतली जळजळ आणि रोजची गोळी

शिरूर असो की दौंड, 'डॉक्टर, पित्त झालंय' हे वाक्य मी रोज ऐकतो. रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांतले रात्रपाळीवाले, दौंड जंक्शनवर अवेळी ड्युटी करणारे, पहाटे नुसत्या चहावर रानात जाणारे, सगळ्यांची तक्रार एकच. त्यांपैकी बरेचजण मेडिकलमधून पाकीट आणून वर्षानुवर्षे गोळी घेत असतात.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येते, घसा आंबट होतो. गोळीने आम्ल कमी होते. झडप दुरुस्त होत नाही. म्हणून पहिला उपचार घरचाच. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवा. सकाळी घरी येणाऱ्या रात्रपाळीवाल्यांनीसुद्धा. उशा वाढवू नका, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू 6 ते 8 इंच उचला. डाव्या कुशीवर झोपा. वजन उतरवा. तंबाखू, मशेरी, दारू सोडा.

तेवढ्याने भागले नाही, तर ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल अशा गोळ्या आहेत. त्या न्याहारीच्या अर्धा तास आधी, साधारण 8 आठवडे घ्यायच्या. जेवल्यावर घेतल्या तर पुरेसा गुण येत नाही. एकदम बंद केल्या तर जळजळ उसळू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून कमी करा. काहींना त्या दीर्घकाळ लागतात. मग बी-12 व मॅग्नेशियमवर लक्ष ठेवावे लागते.

औषधानेही भागत नसेल, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळून झडपेला आधार देतात. रुडॉल्फ निस्सेन यांनी 1956 मध्ये ही पद्धत मांडली. मात्र नंतर काहींना गिळायला जड जाते, पोट फुगते. म्हणून ती निवडक रुग्णांसाठीच.

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काही दिसले तर एंडोस्कोपी टाळू नका. आणि छातीवर दाब, घाम, हात किंवा जबड्यात कळ असेल, तर सोडा पीत बसू नका. ते हृदय असू शकते. लगेच 108ला फोन करा.